डब्ल्यूबीसी कमी आल्यात म्हणून घाबरलात? आधी त्या गेल्या कुठे ते बघू

पावसाळा सरत आला की घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीच्या फोटोंमध्ये मधूनमधून सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचे, रिपोर्ट यायला लागतात. कुणाच्या तरी पोराला तीन दिवस ताप, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि रिपोर्टमध्ये डब्ल्यूबीसीच्या पुढे २,८०० आणि शेजारी ठळक अक्षरात 'लो'. झालं. मग पुढचे सगळे मेसेज पपईचा पाला, किवी, बकरीचं दूध आणि 'पेशी वाढवायला काय द्यायचं' यावर. माझं काम लॅबमधलं, त्यामुळे हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, कुठेही गाठतो, आणि उभ्या उभ्या जे सांगतो ते दरवेळी अर्धवट राहतं. म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे 'पेशी कमी झाल्या' म्हणतात तेव्हा बहुतेकांना प्लेटलेट्स म्हणायच्या असतात, आणि त्यांनाच 'पांढऱ्या पेशी' म्हणून मोकळे होतात. दोन्ही वेगळ्या हो. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारे बारीक तुकडे, त्यांचा नॉर्मल आकडा साधारण दीड ते साडेचार लाख. पांढऱ्या पेशी म्हणजे डब्ल्यूबीसी, त्यांचा आकडा ४,००० ते ११,०००. हे आकडे एका मायक्रोलिटरमधले, म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग, एवढ्याशा रक्तातले. डेंग्यूत दोन्ही पडतात म्हणून गोंधळ होतो. आज बोलायचंय ते डब्ल्यूबीसीबद्दल, कारण प्लेटलेट्सचं इतकं बोलून झालंय की त्यांच्या वरच्या ओळीत काय लिहिलंय हे कुणी बघतच नाही.

आता मुद्दा. आपण दंडातून जे रक्त काढतो त्यात पांढऱ्या पेशी मोजतो, पण रक्त हे त्यांचं घर नव्हे, फक्त येण्याजाण्याचा रस्ता. लिम्फोसाइट नावाच्या ज्या पेशी आहेत, व्हायरसच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाच्या, त्यांच्यातल्या जेमतेम दोन टक्के कुठल्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या लसिकाग्रंथींमध्ये, प्लीहेत, टॉन्सिलमध्ये, आतड्याच्या भिंतीत, हाडांच्या मगजात. न्यूट्रोफिल म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यातले जे रक्तात असतात त्यातलेही जवळपास निम्मे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात, ते सुईत येतच नाहीत. त्यामुळे सीबीसीचा आकडा बघून शरीराची ताकद ठरवणं म्हणजे सकाळी दादरच्या पुलावर उभं राहून माणसं मोजायची आणि त्यावरून मुंबईत एकूण किती लोक कामाला आहेत ते सांगायचं. पूल रिकामा दिसला तर संप असेल, सुट्टी असेल, नाहीतर सगळे आधीच ऑफिसात पोचले असतील.

याचं उलटं उदाहरण तर अजून भारी आहे. पेशंटला स्टिरॉइड दिलं की काही तासांतच डब्ल्यूबीसीचा आकडा वाढतो, कधीकधी पंधरा हजारांच्याही वर. घरचे खूश, पेशी वाढल्या म्हणून. प्रत्यक्षात झालेलं असतं मुख्यतः हे की भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात आले, आणि स्टिरॉइडचं काम तर रोगप्रतिकारशक्ती दाबायचं! म्हणजे आकडा वर आणि ताकद खाली. तेव्हा आकड्यावर जीव टाकू नका, आकडा कुठल्या दिवशीचा आहे आणि कुठल्या आजारातला आहे ते विचारा.

हे झालं मोजणीचं. आता या पेशी करतात काय ते.

पांढऱ्या पेशी काहीतरी लढतात हे माणसाला पहिल्यांदा नीट दिसलं १८८२ साली, इटलीत सिसिली बेटावरच्या मेसिना गावात. एली मेचनिकॉफ म्हणून रशियन प्राणिशास्त्रज्ञ होता, घरचे सगळे सर्कस बघायला गेले होते आणि हा एकटा मायक्रोस्कोप लावून बसलेला. तारामाशाचं, म्हणजे स्टारफिशचं, पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं, आतल्या पेशी हलताना दिसतात. याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लाच्या कातडीखाली टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींची ही गर्दी! त्या पेशी परक्या वस्तूला घेरून गिळतात हा सिद्धांत त्याने मांडला आणि १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिकबरोबर मिळालं. (आपल्या परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ज्यांच्या नावाने आहे ते वाल्डेमार हाफकिन ओडेसामध्ये याच मेचनिकॉफचे विद्यार्थी. मुंबईत प्लेग आला तेव्हा इथे लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती.)

पण गिळणं हा उपाय बॅक्टेरियाला चालतो. बॅक्टेरिया पेशींच्या बाहेर, रक्तात, पुवात फिरतो, न्यूट्रोफिल जातो आणि त्याला खातो. आपल्या हाडांच्या मगजात रोज दहा हजार कोटींच्या आसपास न्यूट्रोफिल तयार होतात, एवढा त्यांचा खप आहे. म्हणून टॉन्सिल पिकले, न्यूमोनिया झाला, गळू झालं की डब्ल्यूबीसी वाढतो, पंधरा-वीस हजार होतो, न्यूट्रोफिलचे टक्के चढतात, आणि डॉक्टर अँटिबायोटिक लिहितात.

व्हायरसची गोष्टच वेगळी आहे. तो स्वतः काहीच करू शकत नाही, ना खातो ना वाढतो, तो तुमच्याच पेशीच्या आत घुसतो आणि तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. म्हणजे गुन्हेगार आत, बाहेरून पेशी दिसते तुमचीच. आता गिळणार कुणाला? इथे पांढऱ्या पेशींना एकच मार्ग उरतो: आपल्याच शरीरातली कुठली पेशी बाटलीय ते ओळखायचं आणि तिला व्हायरससकट मारायचं. व्हायरल आजारातलं सगळं नाट्य या एका अडचणीतून येतं, हे डोक्यात ठेवलंत तर पुढचं सोपं जाईल. आणि अँटिबायोटिक व्हायरल तापात का चालत नाही हेही इथेच कळतं, ते बॅक्टेरियाच्या भिंती नि यंत्रणा मोडायला बनवलेलं औषध, व्हायरसकडे त्यातलं काहीच नसतं. तरी लोक दुकानातून ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घेऊन खातात आणि तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरला की गोळीला क्रेडिट देतात, असो.

तर डेंग्यूचंच धरून चालू, कारण तो आपल्या ओळखीचा. डास चावतो, व्हायरस कातडीत पडतो. कातडीत डेंड्रायटिक पेशी म्हणून पहारेकरी पेशी असतात, फांद्या फुटल्यासारख्या दिसतात, आजूबाजूचं सतत चाचपत बसलेल्या. त्यांचं काम काय, तर काही परकं सापडलं की ते घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जायचं आणि बाकीच्यांना दाखवायचं. (राल्फ स्टाइनमन यांनी या पेशी शोधल्या १९७३ मध्ये. २०११ साली त्यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा ते जाऊन तीन दिवस झाले होते आणि कमिटीला पत्ताच नव्हता, तरी पुरस्कार कायम ठेवला.) डेंग्यूचा डाव असा की तो नेमका याच पेशींना लागण करतो. म्हणजे जी पेशी खबर द्यायला निघाली तीच व्हायरसला उचलून ग्रंथीपर्यंत पोचवते. तिथून तो मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पेशींमध्ये शिरतो. आणि गंमत बघा, या सगळ्या पांढऱ्या पेशीच! डेंग्यूचा व्हायरस लढणाऱ्यांच्याच पोटात वाढतो.

लागण झालेली पेशी मात्र गप्प बसत नाही. ती इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते. याचा शोध १९५७ मध्ये लंडनला लागला, ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले, त्यांना निकामी केलेला फ्लूचा व्हायरस दिला, आणि ज्या पाण्यात ते तुकडे ठेवले होते ते पाणी नव्या तुकड्यांवर घातलं तर तिथे जिवंत व्हायरसही वाढेना. म्हणजे पेशींनी बाहेर काहीतरी सोडलं होतं. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना लागलं की त्या आपली प्रथिनं बनवायची यंत्रणा मंद करतात, आत आलेला परका आरएनए कापायची तयारी करून ठेवतात. व्हायरस आला तरी त्याला तिथे काही छापून मिळत नाही. डेंग्यू यावरही तोड काढतो, त्याचं एक प्रथिन आपल्या पेशीतला इंटरफेरॉनचा निरोप आतपर्यंत पोचवणारा दुवाच तोडून टाकतं. उंदराच्या पेशीतला तो दुवा त्याला तोडता येत नाही, उंदराला साधा डेंग्यू होत नाही त्यामागे हे एक मोठं कारण, आणि प्रयोगशाळेत डेंग्यूवर काम करणाऱ्यांची ही कायमची डोकेदुखी.

आता इंटरफेरॉनबद्दल एक गोष्ट सांगतो, ती कळली की तापाचं अर्धं कोडं सुटतं. हिपॅटायटिस सी वर आजच्या गोळ्या यायच्या आधी बरीच वर्षं पेशंटना इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे. इंजेक्शन घेतलं की त्या माणसाला त्याच संध्याकाळी कणकण, ताप, हुडहुडी, अंग मोडून येणं, डोकं ठणकणं, अगदी फ्लू झाल्यासारखं. फ्लूचा एकही व्हायरस अंगात नाही, फक्त इंटरफेरॉन. आणि त्यांचा सीबीसी केला की डब्ल्यूबीसी पडलेला! कारण इंटरफेरॉन हाडांच्या मगजातलं उत्पादन मंदावतं. म्हणजे तापात आपल्याला जे 'व्हायरसने अंग धरलंय' वाटतं त्यातलं बरंचसं व्हायरस करत नसतो, आपल्याच पेशींनी पेटवलेलं असतं. आणि रिपोर्टमधला तो २,८०० आकडाही त्यातूनच येतो. मगज मंदावलेलं, ज्या पेशी आहेत त्यातल्या कित्येक रक्त सोडून ग्रंथींमध्ये नि अवयवांमध्ये गेलेल्या, काही लागण होऊन मेलेल्या. तिन्ही मिळून आकडा खाली.

इंटरफेरॉनने वेळ मिळतो, पण बाटलेल्या पेशी मारायला कुणीतरी लागतंच. पहिले येतात नॅचरल किलर पेशी, लॅबवाले त्यांना नुसतं एनके म्हणतात. आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आत जी प्रथिनं बनतायत त्यांचे बारीक तुकडे सतत आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते, आत काय चाललंय ते बाहेरून कळावं म्हणून. काही व्हायरस हुशार असतात, ते हे मांडणंच बंद पाडतात, म्हणजे आपला तुकडा बाहेर दिसायला नको. एनके पेशी नेमकं हेच तपासते. जिच्या अंगावर काहीच मांडलेलं दिसत नाही तिला ती मारते. लपवलं तरी मार.

आणि ज्यांनी मांडून ठेवलंय त्यांच्यासाठी टी पेशी. हे काम मला सगळ्यात जबरदस्त वाटतं. सीडी८ प्रकारची टी पेशी समोरच्या पेशीला चिकटते, मांडलेला तुकडा चाचपते, तो व्हायरसचा निघाला तर परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या भिंतीला भोकं पाडते आणि त्यातून ग्रॅन्झाइम नावाची प्रथिनं आत सोडते. मग ती बाटलेली पेशी आतून स्वतःला मोडत जाते, तिच्यातला डीएनए तुकडे तुकडे होतो, व्हायरसच्या अर्धवट प्रतींसकट ती आवरली जाते. टी पेशी सुटते आणि पुढच्या पेशीकडे. टी पेशीला व्हायरसचा तुकडा नुसता असून चालत नाही, तो आपल्याच शरीराच्या खुणेवर बसवलेला दिसावा लागतो, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबेराला १९७० च्या दशकात उंदरांवर दाखवलं, १९९६ चं नोबेल त्यांना. डोहर्टी मुळात जनावरांचे डॉक्टर बरं का.

मग ही टी पेशी पहिल्या दिवसापासून का येत नाही? कारण प्रत्येक टी पेशी जन्मतःच एखादाच आकार ओळखायला बनलेली असते. डेंग्यूचा अमुक तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी तुमच्या अख्ख्या शरीरात मूठभर. डेंड्रायटिक पेशी ग्रंथीत तो तुकडा घेऊन उभी राहते, हजारो टी पेशी तिला चाटून जातात, एखादीलाच तो जुळतो. जुळला की ती थांबते आणि विभागायला लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार, काही दिवसांत हजारो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, किंवा सर्दीत मानेला गाठ हाताला लागते, ती हीच गर्दी. तर हे सगळं व्हायला पाच ते सात दिवस लागतात, त्याला शॉर्टकट नाही. 'व्हायरल आहे, आठवडाभर राहील' हे डॉक्टरचं वाक्य टाळाटाळ वाटतं, पण ते या हिशोबावरच उभं आहे.

याच ग्रंथींमध्ये बी पेशींचंही चाललेलं असतं. ज्या बी पेशीला व्हायरस जुळतो ती वाढते, तिच्यापासून प्लाझ्मा पेशी बनतात आणि एकेक प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो अँटिबॉडी सोडते. अँटिबॉडी पेशीच्या आत जात नाही, पण एका पेशीतून दुसरीकडे निघालेल्या व्हायरसला बाहेरच पकडते. म्हणून तर डेंग्यूच्या टेस्ट तारखेवर असतात. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस१ ही टेस्ट, ती व्हायरसचं प्रथिन शोधते. आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून, ती अँटिबॉडी शोधते. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून निगेटिव्ह आली म्हणून 'डेंग्यू नाही' म्हणणारे लोक मी दर सीझनला बघतो. अहो, अँटिबॉडी अजून बनलीच नाहीये.

मशीन फक्त आकडा देतं, खरी मजा स्लाइडवर. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून, लीशमन स्टेन टाकून, वाळवून मायक्रोस्कोपखाली धरला की साधा लिम्फोसाइट दिसतो तो जवळपास तांबड्या पेशीएवढाच, गोल, गडद जांभळं केंद्रक आणि भोवती निळसर कड कशीबशी. डेंग्यूच्या पेशंटमध्ये चौथ्या-पाचव्या दिवशी वेगळेच लिम्फोसाइट दिसायला लागतात. मोठे, ऐसपैस, भोवतालचा भाग गडद निळा, आणि शेजारच्या तांबड्या पेशीला बिलगून तिच्या कडेने वाकलेले, कडा तर अजूनच निळी. रिपोर्टमध्ये खाली 'अटिपिकल किंवा रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट्स सीन' असं लिहिलेलं असतं आणि घरचे ते वाचून कॅन्सर वगैरे गुगल करत बसतात. त्या कामाला लागलेल्या पेशी आहेत. एकूण आकडा २,५०० असेल पण त्यात हे लिम्फोसाइट दिसतायत म्हणजे ग्रंथींमधून तयार माल यायला लागलाय.

आणि आता डेंग्यूची कपटी बाजू. पाचव्या दिवसाच्या आसपास ताप उतरतो, पोरगं उठून बसतं, घरचे देवाला पेढे ठेवतात, आणि धोका असतो तो नेमका पुढच्या २४ ते ४८ तासांत. रक्तातला व्हायरस तोवर झपाट्याने कमी होत आलेला असतो. पण पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या रसायनांचा लोंढा आणि व्हायरसचं ते एनएस१ प्रथिन, दोन्ही मिळून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लावतात. रक्तातलं पाणी बाहेर पोटात, छातीत साठतं, आत रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. डेंग्यूत माणूस दगावतो तो बऱ्याचदा या झिरपण्याने, नुसत्या प्लेटलेट्स कमी झाल्याने नाही. म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट म्हणजे रिपोर्टमधला पीसीव्ही, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती तो आकडा, बघतात, तो चढायला लागला की सलाईनचा हिशोब बदलतो. डब्ल्यूबीसी आधी पडतो, मग प्लेटलेट्स भराभर पडतात, आणि मग झिरपणं सुरू होतं, असा साधारण क्रम असतो, त्यामुळे तो डब्ल्यूबीसीचा 'लो' आकडा म्हणजे 'आता लक्ष ठेवा' एवढी सूचना समजा. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, पेशंट मलूल पडणं किंवा चिडचिड, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी थेट हॉस्पिटल. तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन नको. सुधारतानाही आधी डब्ल्यूबीसी चढायला लागतो, प्लेटलेट्स त्याच्या मागून येतात. म्हणजे प्लेटलेट्स अजून साठ हजारावर अडकल्यात म्हणून घरचे हवालदिल आणि वरच्या ओळीत डब्ल्यूबीसी २,५०० वरून ४,२०० झालेला, आणि ते कुणी वाचलेलंच नाही. किवी खा, चांगलं फळ आहे, पण सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट्स ज्या चढतात त्या मगज पुन्हा सुरू झाल्याने चढतात.

दुसऱ्यांदा डेंग्यू जास्त वाईट का, हे पण बघूया, कारण 'एकदा झाला, आता काय होत नाय' म्हणणारे बरेच असतात. डेंग्यूचे प्रकार चार. एक प्रकार झाला की त्याच्याविरुद्ध बहुधा आयुष्यभर संरक्षण, बाकी तिघांविरुद्ध थोडेच महिने. पुढे काही वर्षांनी दुसरा प्रकार आला की जुन्या अँटिबॉडी त्याला पकडतात, पण सैल, निकामी न करता. आणि मॅक्रोफेजच्या अंगावर अँटिबॉडी चिकटलेली वस्तू आत ओढून घ्यायची सोयच असते. मग तो धडधाकट व्हायरस अँटिबॉडीसकट आत ओढला जातो, तिथे त्याला वाढायलाच हवं असतं! स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये काम करताना हा धागा पकडला. त्यांना दिसलं की गंभीर डेंग्यू दोन गटांत जास्त, एक म्हणजे दुसऱ्यांदा लागण झालेली मुलं, आणि दुसरा म्हणजे पहिल्यांदाच लागण झालेली एक वर्षाच्या आतली बाळं. बाळांना पहिल्यांदाच का? कारण आईच्या अँटिबॉडी अंगात होत्या, अर्धवट उरलेल्या. क्युबात १९७७ ला पहिला प्रकार पसरला, फारसं काही झालं नाही, आणि १९८१ ला दुसरा आला तेव्हा ३ लाख ४४ हजार लोक आजारी आणि १५८ मृत्यू. दुसऱ्यांदा झालेल्या सगळ्यांनाच गंभीर होतो असं अजिबात नाही, बहुतेक जण बरेच होतात, पण धोका वाढतो हे खरं.

कोव्हिडमध्येही हेच सूत्र वेगळ्या रूपात दिसलं. गंभीर पेशंटच्या रिपोर्टात लिम्फोसाइट पडलेले असायचे आणि दुसरीकडे फुप्फुसात पांढऱ्या पेशींचा नुसता धुमाकूळ. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलने दाखवलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करतं, कारण ते त्या पेशींना आवरतं. पण त्याच ट्रायलमध्ये ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. हा दुसरा भाग आपल्याकडे सोयीस्कर विसरला गेला, २०२१ च्या लाटेत घरी बसून पहिल्या दिवसापासून स्टिरॉइड खाणारे होते, आणि पाठोपाठ महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची जी रांग लागली त्यात डायबेटिससोबत या स्टिरॉइडचाही मोठा हात होता.

सगळं आटोपलं की बहुतेक टी आणि बी पेशी मरून जातात, थोड्या मात्र उरतात, त्या आठवण ठेवणाऱ्या. किती वर्षं? अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवर आला होता, मग ६५ वर्षं आलाच नाही. १८४६ ला पुन्हा आला तेव्हा साधारण ७,८०० वस्तीतले ६,००० हून जास्त लोक आडवे झाले, पण पीटर पॅनम या तरुण डॅनिश डॉक्टरला दिसलं की ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी १७८१ चा गोवर होऊन गेला होता त्यातल्या कुणालाच तो झाला नाही. आणि या आठवणीवरच घाव घालणारा व्हायरस पुन्हा तोच, गोवर. तो आठवणीच्या पेशींनाच लागण करतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं तर इतर आजारांविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गायब. पुरळ आठवडाभरात जातं, पण पुढे दोन-तीन वर्षं पोरगं न्यूमोनिया-जुलाबाला सोपं सावज. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा 'आमच्या वेळी सगळ्यांनाच व्हायचा' म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तर मग डेंग्यूची आठवण लसीने का नाही तयार करायची? केलीय की, आणि तिथे वरचं सगळं गणित अंगाशी आलं. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून डेंग्वॅक्सिया ही लस आठ लाखांवर मुलांना दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही त्यांना ही लस घेतल्यानंतर लागण झाली तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो. म्हणजे लसच त्यांच्यासाठी 'पहिला डेंग्यू' ठरली, आणि पुढचा खरा डेंग्यू दुसरा. कार्यक्रम थांबवावा लागला, आणि तिथल्या आईबापांचा बाकीच्या लसींवरचा विश्वासही उडाला. आपल्याकडे आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेकची डेंगीऑल ही लस चारही प्रकारांवर एकदम काम करावी अशी बनवलीय, एकच डोस. तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला पहिला डोस देऊन सुरू झाली, देशभरात १९ ठिकाणी दहा हजारांवर निरोगी प्रौढ माणसं. त्या प्रत्येकाचा पाठपुरावा दोन वर्षं. एका डोसच्या लसीला दोन वर्षं कशाला असं कुणी विचारलं तर त्याला क्युबाची नि फिलिपिन्सची गोष्ट सांगा. लस घेतल्यावर अँटिबॉडी किती आल्या हे महिनाभरात कळतं, पण त्यानंतर खरा डास चावल्यावर त्या अँटिबॉडी व्हायरसला अडवतात की मॅक्रोफेजच्या आत नेऊन सोडतात, हे कळायला मधे पावसाळेच जावे लागतात.